पोटाला बरं वाटतंय, पण आतडं बरं झालंय का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे", "ॲक्च्युअली" तेवढे कापलेत.

जेवता जेवता वाचत असाल तर आधीच सांगून ठेवतो, आजचा विषय आतड्यांचा आणि संडासाचा आहे. आधी ताट संपवा, मग या. मी थांबतो.

आलात? चला.

२८ ऑगस्ट २०२०. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे पत्रकार परिषदेत सांगतात की मी पद सोडतोय. जपानचे सगळ्यात जास्त काळ पंतप्रधान राहिलेले हे गृहस्थ. कारण काय, तर अल्सरेटिव्ह कोलायटिस पुन्हा उफाळला. २००७ मध्येही त्यांनी जेमतेम वर्षभरात पद सोडलं होतं आणि तेव्हाही मागे हाच आजार होता. मधल्या काळात नवीन औषध मिळालं, आजार शांत झाला, आणि २०१२ च्या शेवटापासून त्यांनी जवळजवळ आठ वर्षं देश चालवला.

बघा, माणूस तोच, आजार तोच. कधी खुर्ची सोडायला लावतो, कधी वर्षानुवर्षं गप्प बसतो. आणि दोन्ही वेळेला बाहेरून दिसतो तो सूट घातलेला, नीट भांग पाडलेला माणूस. आत काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसत नाही. आजचा सगळा भाग एकाच प्रश्नावर आहे: हा आजार शांत आहे की नाही हे ओळखायचं कसं? आणि "शांत" म्हणजे नक्की काय?

मी हा विषय का घेतला? कारण मलाही अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. चार वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण स्वतःच्या आतड्याचा प्रश्न असला की माणूस रात्री दोन वाजता शोधनिबंध वाचायला लागतो. तेव्हा आज जे सांगतोय ते वाचलेलं आणि सोसलेलं. औषधाचा निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. आयबीएस आणि आयबीडी, एका अक्षराचा फरक, पण दोन वेगळ्या गोष्टी. आयबीएसमध्ये पोट दुखतं, जुलाब होतात किंवा बद्धकोष्ठ होतं, त्रास खराच असतो, पण दुर्बिणीने आतडं पाहिलं तर जखम दिसत नाही. आयबीडीमध्ये जखम असते. आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते, सूज येते, व्रण पडतात, रक्त जातं. याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो, गुदद्वाराच्या बाजूने सुरू होऊन वर सरकतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मध्ये मध्ये चांगलं आतडं सोडून, आणि भिंतीच्या आरपार जातो. त्यामुळे आतडं अरुंद होणं, भगंदर होणं असे प्रकार क्रोन्समध्ये जास्त.

क्रोन हे एका डॉक्टरचं आडनाव. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १४ रुग्णांवर एक निबंध लिहिला. नावं इंग्रजी वर्णक्रमाने छापली म्हणून क्रोन पहिले आले आणि आजाराला त्यांचंच नाव चिकटलं. बाकीचे दोघे आद्याक्षरावर हरले!

आता हा आजार का होतो? एक कारण नाही. २००१ मध्ये नॉड-२ नावाच्या जनुकातले बदल क्रोन्सशी जोडलेले सापडले, तेव्हा वाटलं की किल्ली मिळाली. पुढे अशा जागा २०० च्या वर निघाल्या. आणि आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे, युरोपीय रुग्णांत सापडणारे ते नॉड-२ चे बदल भारतीय आणि जपानी रुग्णांत जवळजवळ दिसतच नाहीत. तरी आजार आपल्याकडेही आहेच. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबमध्ये ५१ हजारांवर लोकांची पाहणी केली, ती २००३ मध्ये छापून आली. अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण निघालं लाखात सुमारे ४४. "हा गोऱ्या लोकांचा आजार" ही समजूत तिथेच निकालात निघाली. इंग्लंडमध्ये लेस्टर भागात १९९० च्या सुमारास झालेल्या अभ्यासात तर तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांमध्ये हा आजार स्थानिक गोऱ्यांपेक्षा जास्त आढळला. जनुकं घरून नेली होती, पण हवा, पाणी, जेवण, राहणी बदलली. म्हणजे आसपासच्या गोष्टींचा हात मोठा आहे, हे त्यातून दिसतं.

जनुकांचा अजून एक किस्सा सांगतो, कारण तो थेट आपल्या गोळ्यांपर्यंत येतो. ॲझाथायोप्रिन हे या आजारातलं जुनं, स्वस्त आणि कामाचं औषध. काही लोकांत त्याने पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या कमी होतात. युरोपात त्यासाठी टीपीएमटी नावाच्या जनुकाची चाचणी करायची पद्धत पडली. पण आशियात लोकांची ही चाचणी व्यवस्थित यायची, तरी पेशी घसरायच्या. २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी दाखवलं की इथे दोषी दुसरंच जनुक आहे, त्याचं नाव एनयूडीटी-१५. भारतीयांतही ते बदल बऱ्यापैकी सापडतात. म्हणजे ज्यांच्यावर संशोधन झालं त्यांच्यासाठी चाचणी बरोबर होती, आपल्यासाठी अपुरी होती. आपल्या लोकांवर संशोधन का व्हायला हवं, असं कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

आपल्याकडची दुसरी अडचण म्हणजे टीबी. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स, दोघांची आवडती जागा एकच, लहान आणि मोठ्या आतड्याचा सांधा. ताप, वजन घटणं, पोटदुखी, दुर्बिणीत दिसणारे व्रण, सगळं सारखं. आणि उपचार मात्र उलटे! क्रोन्समध्ये प्रतिकारशक्ती दाबायची, टीबीमध्ये ती दाबली तर टीबी भडकतो. त्यामुळे नक्की कळत नसेल तर आपल्याकडे बरेचदा आधी टीबीची औषधं सुरू करतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात की व्रण भरले का. लक्षात घ्या, रुग्णाला "बरं वाटतंय का" एवढं विचारून इथे भागत नाही. टीबीच्या औषधांवर क्रोन्सच्या रुग्णालाही थोडं बरं वाटू शकतं. व्रण भरले की नाही, हे डोळ्यांनी बघावं लागतं.

आणि इथे आपण मूळ प्रश्नावर आलो. मोजायचं काय?

१९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २१० रुग्णांवर कॉर्टिसोनची चाचणी केली. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. कॉर्टिसोनवाले जास्त बरे झाले आणि त्यातले कमी दगावले. स्टेरॉईडचं युग सुरू झालं ते असं. त्यांनी आजार किती तीव्र आहे हे ठरवायला साध्या गोष्टी घेतल्या: दिवसाला किती वेळा शौचाला जावं लागतं, रक्त किती, ताप, नाडी, हिमोग्लोबिन. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्त पडणं ही धोक्याची खूण आजही डॉक्टर वापरतात.

पण मग लक्षात आलं की लक्षणं खोटं बोलतात. मुद्दाम नाही, पण बोलतात. क्रोन्सच्या एका मोठ्या चाचणीत, लक्षणांच्या हिशोबाने ज्यांचा आजार शांत होता, त्यांच्यापैकी साधारण निम्म्यांमध्ये दुर्बिणीत किंवा रक्ततपासणीत सूज शिल्लक सापडली. माणूस म्हणतोय मी मस्त आहे, आणि आतडं आतून जळतंय.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. ॲपबद्दल ग्राहकांची एकही तक्रार आली नाही म्हणजे सर्व्हर ठीक आहे असं आपण धरतो का? नाही. आपण लॉग बघतो. कारण तक्रार येते तेव्हा डिस्क भरून गेलेली असते. आतड्याचंही तसंच. बारीक सूज वर्षानुवर्षं चालू राहिली तर आतडं अरुंद होतं, ऑपरेशनची वेळ येते. मोठ्या आतड्यात ती बरीच वर्षं राहिली तर कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणूनच मोठ्या आतड्याचा बराच भाग धरलेला असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी, तब्येत छान असली तरी, नियमित दुर्बिणीची तपासणी सुरू करायला सांगतात.

बरं, दर दोन महिन्यांनी कोण दुर्बीण घालून घेणार? आदल्या रात्रीचं ते पोट साफ करायचं पाणी ज्याने प्यायलंय त्यालाच माहीत. इथे कामाला आली कॅलप्रोटेक्टिन नावाची चाचणी. पांढऱ्या पेशींमधलं हे एक प्रथिन. आतड्याला सूज आली की या पेशी तिथे गोळा होतात आणि प्रथिन शौचात उतरतं. शौचाचा छोटासा नमुना लॅबला द्यायचा, आकडा मिळतो. आतड्याचा लॉगच म्हणा. अर्थात सूज कशामुळे आली हे आकडा सांगत नाही. जंतुसंसर्गाने वाढतो, काही वेदनाशामक गोळ्यांनीही वाढतो. म्हणून तो वाचायला डॉक्टर लागतो.

या आकड्याचा उपयोग होतो का? २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये काल्म नावाची चाचणी छापून आली. क्रोन्सचे २४४ रुग्ण. एका गटात मुख्यतः लक्षणं बघून औषध वाढवायचं. दुसऱ्या गटात लक्षणांबरोबर कॅलप्रोटेक्टिन आणि सीआरपीचे आकडेही बघायचे, वाढलेले दिसले की रुग्ण "ठीक आहे" म्हणत असला तरी औषध वाढवायचं. ४८ आठवड्यांनी दुर्बिणीने पाहिलं. पहिल्या गटात ३० टक्के लोकांचं आतडं भरून आलं होतं, दुसऱ्या गटात ४६ टक्के. दोन्हीकडे औषधं तीच होती! फरक फक्त कधी आणि कशावरून निर्णय घेतला याचा. मला या अभ्यासाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते यासाठी.

म्हणजे रिपोर्ट चांगला आला की झालं? तर नाही. आता उलटी बाजू ऐका.

आजार शांत असतानाही दहातल्या चारपेक्षा जास्त रुग्णांना थकवा असतो, असं अभ्यास सांगतात. हा थकवा झोपून जात नाही. साधारण एक तृतीयांश रुग्णांना सूज नसतानाही पोटाचा त्रास चालू राहतो. आणि मनाचं काय? २०२१ मध्ये ३० हजारांवर रुग्णांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात चिंतेची लक्षणं ३२ टक्के लोकांत, नैराश्याची २५ टक्के लोकांत. आजार उफाळलेला असताना चिंतेचं प्रमाण ५७ टक्क्यांच्या वर.

हे आकडे मला परके वाटत नाहीत. मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो. ठाण्याहून सीएसएमटीला फास्ट लोकल पकडायची म्हणजे माझ्यासाठी पूर्वी एक गणित असायचं: कुठल्या स्टेशनवर उतरता येईल, तिथलं शौचालय कुठल्या टोकाला आहे, सुट्टे पैसे आहेत का. ऑफिसात स्टँडअप मीटिंग चालू असताना मध्येच निघून जायचं तर काय सांगायचं? "कॉल आला" असं किती वेळा सांगणार? रिपोर्ट चांगले यायला लागल्यावरही हे गणित डोक्यात कितीतरी महिने चालू राहिलं. आतडं भरून आलं होतं, पण भीती तशीच होती.

मग घरात बायोडेटाचा विषय निघाला. आईने विचारलं, "हे लिहायचं का रे?" बाबा म्हणाले, लिहू नका, पण पहिल्याच भेटीत सांगा. तसंच केलं. दोन ठिकाणांहून नंतर फोन आला नाही. एका ठिकाणी मुलीने स्वतः विचारलं, "मुलांना होतो का हा आजार?" मला तो प्रश्न फार आवडला, कारण त्याला उत्तर आहे. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलांना धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, पण बहुतेक मुलांना तो होत नाही. मुलींच्या बाबतीत तर लोक अजून घाबरवतात, म्हणून सांगतो: आजार शांत असताना राहिलेलं गर्भारपण बहुतेक वेळा व्यवस्थित पार पडतं, आणि मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधं सोडली तर बरीच औषधं डॉक्टर चालूच ठेवतात. घाबरून मनाने औषध बंद केलं तर आजार उफाळतो आणि खरा धोका त्याचा असतो.

आनंदाची गोष्ट अशी की संशोधनानेही ही बाजू आता कागदावर घेतली आहे. या आजाराच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये उपचारांची ध्येयं नव्याने लिहिली. आधी लक्षणं कमी करा, मग सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिन खाली आणा, आणि शेवटी लांबच्या पल्ल्याचं ध्येय म्हणून फक्त "आतडं भरलं" एवढंच नाही, तर "रुग्णाचं जगणं पूर्ववत झालं" आणि "अपंगत्व राहिलं नाही" हेही लिहिलंय. म्हणजे लोकलमधलं माझं गणित हासुद्धा आता उपचाराचा भाग आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं तर फक्त शौचाची संख्या सांगू नका. थकवा सांगा, झोप सांगा, कुठे जायचं टाळता ते सांगा.

औषधांचं काय? १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅबला मंजुरी मिळाली. टीएनएफ हा शरीरातला सूज वाढवणारा निरोप्या, त्याला वाटेतच अडवायचं. मग अशी बरीच बायोलॉजिक औषधं आली. आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये ॲडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती मूळ औषधाच्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शात आली, तरी मध्यमवर्गीय घराला ती जडच. आणि चमत्कार कुठलंच नाही. २०१९ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ७६९ रुग्णांवर दोन बायोलॉजिक औषधांची थेट तुलना झाली. ५२ आठवड्यांनी आजार शांत असलेले एकीकडे ३१ टक्के, दुसरीकडे साडेबावीस टक्के. जिंकलेल्या औषधावरही दोनतृतीयांश लोक तिथपर्यंत पोचले नाहीत. म्हणून एखादं औषध लागू पडलं नाही तर ती तुमची चूक नसते. पुढचं औषध बघायचं असतं.

आता व्हॉट्सॲपवरची हळद. यात तथ्य आहे का? थोडं आहे. २०१५ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत मेसालामाइनच्या जोडीला रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रुग्ण फक्त ५०. कर्क्युमिन गटात ५४ टक्के लोकांचा आजार शांत झाला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. पण हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. म्हणजे तीन ग्रॅमसाठी रोज १०० ग्रॅम हळद! भाजीत घालून बघा आणि घरच्यांना वाढा. दिल्लीच्या एम्समध्ये दिवसाला ४५० मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, तर काही फरक पडला नाही. तेव्हा हळदीचं दूध आवडत असेल तर जरूर प्या, पण त्यासाठी गोळी बंद करू नका.

शेवटचं, तुमच्यासाठी, ज्यांना यातलं काहीच नाही असं वाटतंय.

शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे एकच शब्द निघतो, मूळव्याध. मलाही पहिले दोन महिने मूळव्याधीचं मलमच मिळालं, तपासणी न करता. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते, खरंय. पण रक्ताबरोबर आव पडत असेल, जुलाब तीन-चार आठवड्यांच्या वर चालले असतील, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, वजन उतरत असेल, तर चूर्ण, मलम, यूट्यूब बाजूला ठेवा आणि पोटाच्या डॉक्टरकडे जा. हा आजार बहुतेक वेळा पंधरा ते पस्तीसच्या वयात डोकं वर काढतो. म्हणजे हे ऐकणाऱ्यांच्याच वयात.

आणि तुमच्या टीममधला कोणी मीटिंगमधून सारखा उठून जात असेल, पार्टीत जेवत नसेल, "तू तर ठणठणीत दिसतोस" म्हटल्यावर नुसता हसत असेल, तर त्याला कारण विचारत बसू नका. दाराजवळची खुर्ची त्याला द्या. तेवढं पुरतं.

कोणाला प्रश्न असतील तर पाठवा. डॉक्टरकडे विचारायचे प्रश्न मी सांगू शकणार नाही, पण डॉक्टरकडे काय काय विचारायचं, याची यादी आपण मिळून करू शकतो. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पोट काय म्हणतंय तेही ऐका.